गणपतीच्या कारखान्यातली बहुवारिके

गणपतीची मूर्ती कशाची असते, असा प्रश्न वर्गात विचारला तर दोन उत्तरे हमखास येतात : ‘शाडूची’ आणि ‘प्लॅस्टरची’. एखादी चुणचुणीत मुलगी ‘कागदाची’ असेही सांगेल. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत, पण अपुरी आहेत. पेण तालुक्यातल्या हमरापूरला एखाद्या कारखान्यात तासभर उभे राहिले, की या यादीत रबर, काथ्या, डिंक, खळ, रंगाला धरून ठेवणारा चिकट पदार्थ अशी बरीच भर पडते. गंमत अशी, की भर पडलेले हे सारे पदार्थ रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकाच कुळातले आहेत. ती बहुवारिके आहेत. म्हणजे व्यवहारात आपण ज्यांना पॉलिमर म्हणतो ती. आणि त्यांपैकी बहुतेक झाडांनी तयार केलेली आहेत.

हमरापूर हे पनवेल-रोहा लोहमार्गावरचे, पनवेलहून जाताना पेणच्या अलीकडचे गाव. पेणची मूर्तिकला शंभर वर्षांहून जुनी. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांत ती घराघरांत पोचली. मूर्ती जिथे घडतात त्या जागेला इथे सरळ ‘कारखाना’च म्हणतात, मग ती पत्र्याची मोठी शेड असो की घराची पडवी. यंदाचे विसर्जन आटोपले की पुढल्या वर्षाचे काम सुरू होते आणि ते भर पावसापर्यंत चालते. इथून रंगवलेल्या मूर्ती जातात, तशाच ‘कच्च्या’ म्हणजे न रंगवलेल्या मूर्तीही फार मोठ्या संख्येने बाहेर जातात आणि त्या त्या गावचे कारागीर त्यांचे रंगकाम व डोळ्यांची आखणी करतात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये मूर्तिविसर्जनाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि त्यांत प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई केली. पुढे बरीच न्यायालयीन लढाई झाली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडवायला व विकायला वाट मोकळी केली, मात्र नैसर्गिक जलाशयात त्यांचे विसर्जन करण्यावरचा निर्बंध कायम ठेवला. या सगळ्या काळात या गावांना एक सल्ला सारखा मिळत आला आहे : प्लॅस्टर सोडा आणि झाडापासून मिळणारे काही वापरा. सल्ला ऐकायला साधा आहे. त्याचे रसायनशास्त्र काय म्हणते, ते आपण पाहू. त्यासाठी कारखान्यात आधीपासूनच असलेल्या झाडांच्या बहुवारिकांपासून सुरुवात करणे सोयीचे.

भात आणि शेवया

बहुवारिक म्हणजे लहान लहान रेणू एकापुढे एक जोडून झालेली लांबच लांब साखळी. एका साखळीत असे हजारो घटक असू शकतात. इतके लांब रेणू असू शकतात हे १९२० साली हेर्मान स्टॉडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मांडले, तेव्हा भल्याभल्यांनी त्याला वेड्यात काढले होते. १९५३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

लांबीने काय फरक पडतो, हे मुलांना सांगायला स्वयंपाकघर पुरेसे आहे. एका ताटलीत मोकळा शिजलेला भात घ्या, दुसरीत शिजलेल्या लांब शेवया. भातातले एक शीत उचलले तर एकच शीत येते. शेवयांतली एक शेवई ओढली तर तिच्याबरोबर निम्मा पुंजका वर येतो. लांब रेणू एकमेकांत असेच गुरफटलेले असतात. साखरेचा खडा चुरडतो, पण तिच्याच जातीच्या लहान घटकांपासून बनलेला कापसाचा धागा चिवट असतो, यामागचे मोठे कारण ही लांबी.

आता साचा पाहू. गणपतीच्या मूर्तीत सोंडेचे वळण आहे, बोटे आहेत, कानामागची खोबण आहे, दागिने आहेत. ताठ साच्यात अशी मूर्ती ओतली तर ती बाहेर काढताना सोंड तरी मोडेल नाहीतर साचा तरी. म्हणून साचा रबराचा करतात. मूळ मूर्तीवर रबराचा चीक ब्रशने लावायचा, वाळू द्यायचा, पुन्हा लावायचा. असे अनेक थर चढले की मूर्तीवर एक जाड साल तयार होते. ती हातमोज्यासारखी उलटून सोलून काढता येते. ही साल लवचीक असल्याने ओतकामाच्या वेळी ती वाकडी होऊ नये म्हणून तिला बाहेरून प्लॅस्टरचे ताठ कवच देतात.

हा चीक रबराच्या झाडाचा असतो. आपल्याकडे त्याची लागवड मुख्यतः केरळात होते, थोडी सिंधुदुर्गात दोडामार्गकडेही आहे. झाडातून निघालेल्या चिकात साधारण एक तृतीयांश रबर असते, बाकी बहुतेक पाणी. वाहतुकीसाठी तो दाट करून रबराचे प्रमाण सुमारे साठ टक्क्यांवर आणतात आणि जंतूंमुळे आंबून तो साकळू नये म्हणून त्यात अमोनिया घालतात. साच्याचे काम चालू असलेल्या खोलीत नाकात जाणारा वास त्याचाच.

रबराच्या साखळीचा घटक आहे आयसोप्रीन. साखळी मोकळी असताना गुंडाळलेली असते. ताणली की सरळ होते, सोडली की पुन्हा गुंडाळते. पण नुसत्याच साखळ्या असतील तर ताणल्यावर त्या एकमेकींवरून घसरतील आणि रबर पूर्ववत होणार नाही. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवले आणि ही अडचण सुटली. गंधकाचे अणू दोन शेजारच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतात. शेकडो घटकांमागे एखादा पूल पुरतो. या पुलांना आपण आडबंध म्हणू. हा शब्द पुढे लागणार आहे.

इथे एक छोटा प्रयोग करून घ्यायला हरकत नाही. जाडसर रबरबँड ओठांना लावून झटकन ताणायला सांगा. तो कोमट लागतो. ताणलेला तसाच काही क्षण हवेत धरून मग झटकन सैल सोडला आणि लगेच ओठांना लावला तर गार लागतो. विस्कळीत साखळ्यांना शिस्तीत उभे केले की उष्णता बाहेर पडते, मोकळे सोडले की त्या ती परत घेतात. पाठ्यपुस्तकातली उष्मागतिकी ओठांना समजते ती अशी.

आडबंधांची दुसरी बाजूही आहे. गंधकाचे पूल बांधलेले रबर वितळत नाही. जुना, चिरा पडलेला साचा वितळवून नवा करता येत नाही. पदार्थ झाडापासून आला, म्हणून तो पुन्हा सहज झाडाकडे जाईल असे नाही. या दोन गोष्टींची गल्लत इतक्या वेळा होते, की याच जिल्ह्यातले आणखी एक उदाहरण द्यावेसे वाटते.

पेणहून दक्षिणेला गेले की रोहा तालुक्यातले नागोठणे लागते. तिथे मोठा पेट्रोरसायन कारखाना आहे. पूर्वी तो इंडियन पेट्रोकेमिकल्सचा होता, आता रिलायन्सचा आहे. समुद्रातल्या तेलक्षेत्रांतून उरणला आलेल्या वायूतील इथेन व प्रोपेन या घटकांवर तो उभा राहिला. इथेनपासून एथिलीन आणि एथिलीनच्या साखळ्या जोडून पॉलिएथिलीन, म्हणजे आपल्या पिशव्यांचे प्लॅस्टिक. आता ब्राझीलमध्ये ब्रास्केम या कंपनीने २०१० साली उसाच्या अल्कोहोलपासून एथिलीन व त्यापासून पॉलिएथिलीन बनवणारा कारखाना सुरू केला. कच्चा माल शंभर टक्के झाडाचा, दरवर्षी पुन्हा उगवणारा. पण तयार होणारी साखळी नागोठण्याच्या साखळीहून जराही वेगळी नाही. ती पिशवीही तितकीच वर्षे नाल्यात पडून राहील. साखळी कुठून आली आणि साखळीचे पुढे काय होते, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. मूर्तीच्या बाबतीत दोन्ही विचारावे लागतात.

काथ्याचे काम

मूर्ती पोकळ असते. साच्यात आधी पातळ प्लॅस्टर फिरवून सगळीकडे एक थर बसवतात, मग काथ्याचे पुंजके प्लॅस्टरमध्ये बुडवून आतून दाबून लावतात. विटेच्या भिंतीसाठी मातीत भाताचे तूस किंवा पेंढा मिसळणाऱ्या आजोबांना हे तत्त्व ठाऊक होते. आज त्याला संमिश्र पदार्थ म्हणतात आणि त्यावर परिषदा भरतात.

प्लॅस्टर दाबाला बरे, ताणाला वाईट. त्यात एकदा चीर पडली की ती थांबत नाही. चिरेच्या वाटेत काथ्या आला तर मात्र चिरेचे दोन्ही काठ त्या धाग्यांनी एकमेकांना धरलेले राहतात. इथे काथ्याचा एक खास गुण उपयोगी पडतो. तागाचा धागा दोन टक्क्यांच्या आतबाहेर ताणला की तुटतो. काथ्या तुटण्यापूर्वी त्याच्या मूळ लांबीच्या पंधरा ते तीस टक्के ताणला जातो. ताकदीत काथ्या तागापेक्षा कमी आहे, पण ट्रकमध्ये हिसके खाणाऱ्या मूर्तीला ताकदीपेक्षा हा सोशिकपणा जास्त हवा असतो.

याचे कारण काथ्याच्या घडणीत आहे. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. काथ्यात सेल्युलोज जेमतेम चाळीस टक्क्यांच्या आसपास आणि जवळजवळ तितकेच लिग्निन. लिग्निन हेही बहुवारिक, पण त्याची सरळ साखळी नसते. चहूबाजूंनी जोडलेले गुंतागुंतीचे जाळे असते. लाकडाला ताठपणा देणारे ते हेच. सेल्युलोजचे तंतू काथ्यात धाग्याच्या अक्षाशी मोठा कोन करून, स्प्रिंगसारखे वळलेले असतात. ओढले की आधी स्प्रिंग उलगडते. आणि लिग्निनमुळे काथ्या लवकर कुजत नाही, म्हणून तर खाऱ्या पाण्यातले दोर त्याचे करतात.

वर्गात हे दाखवायला साबणाच्या वडीचा खोका पुरे. शंभर ग्रॅम प्लॅस्टरला साठ-सत्तर मिलिलिटर पाणी घेऊन एक पट्टी नुसती ओता, दुसरीत बोटभर लांबीचा मोकळा केलेला काथ्या घाला. दोन-तीन दिवस वाळवा. दोन विटांवर आडवी ठेवून मधोमध पिशवी टांगा आणि पिशवीत एक एक दगड घालत जा. पहिली पट्टी कडकन दोन तुकडे होऊन पडेल. दुसरीला चीर पडेल, ती वाकेल, पण लोंबकळत राहील. किती दगडांना चीर पडली आणि किती दगडांना पट्टी खाली आली, हे दोन आकडे मुलांनी वेगवेगळे लिहावेत. त्यांच्यामधले अंतर म्हणजे काथ्याचे काम.

आधी घट्ट, मग कोरडे

प्लॅस्टर स्वतः बहुवारिक नाही, पण बदली कामगार शोधायचा तर मूळ कामगार काय करत होता ते पाहायला हवे. जिप्सम नावाचे खनिज, जे आपल्या देशात मुख्यतः राजस्थानात मिळते, सुमारे दीडशे अंश सेल्सिअसला भाजले की त्याच्यातले तीन चतुर्थांश पाणी उडते आणि प्लॅस्टर मिळते. त्यात पाणी घातले की उलटी क्रिया होऊन पुन्हा जिप्सम बनते. त्याचे सुईसारखे स्फटिक एकमेकांत अडकतात आणि लगदा दगडासारखा होतो. या वेळी तो किंचित फुगतो, त्यामुळे साच्यातली बारीकशी रेघही उमटते.

रेणूभारांचा हिशेब केला तर १४५ ग्रॅम प्लॅस्टरला २७ ग्रॅम पाणी लागते. म्हणजे शंभर किलोला साडेअठरा किलो. कारागीर मात्र ओतता यावे म्हणून साठ-सत्तर किलो घालतो. जादा पाणी नंतर सावकाश उडून जाते. इथे खरी मेख आहे. प्लॅस्टर *ओले असतानाच* घट्ट होते. साच्यातून ते वीस मिनिटांत, अर्ध्या तासात निघते. वाळते नंतर, फळीवर, साच्याबाहेर. पाऊस असला तर वाळायला चार दिवस जास्त लागतील, पण साचा मोकळा असतो.

त्याचे दूषण दुसऱ्या टोकाला आहे. जिप्सम पाण्यात अगदीच विरघळत नाही असे नाही. एका लिटरमध्ये सुमारे सव्वादोन ते अडीच ग्रॅम विरघळते. म्हणजे एक किलोच्या मूर्तीला चारशेहून अधिक लिटर पाणी हवे, तेही ढवळते. वीस लिटरच्या बादलीत फार तर पन्नास ग्रॅम जातील. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर एक युक्ती सुचवली आणि २०१६ च्या सुमारास पुणे महापालिकेने तिचा घरगुती विसर्जनासाठी प्रसार केला. बादलीतल्या पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट, म्हणजे बेकरीवाले वापरतात तो खाण्याच्या सोड्याचा भाऊ, विरघळवायचा. १७२ ग्रॅम जिप्समला १५८ ग्रॅम, म्हणजे मूर्तीच्या वजनाच्या जवळपास बरोबरीने तो लागतो. जे थोडे जिप्सम विरघळते त्यातले कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसते, मग आणखी जिप्सम विरघळते, आणि असे करत एक-दोन दिवसांत मूर्ती उतरते. वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट हे खत राहते.

अशा बादलीत शेवटी काय उरते ते नीट पाहावे. तळाला चुन्याचा पांढरा गाळ, त्यात काथ्याचे पुंजके आणि वर रंगाची साल. खनिज गेले, बहुवारिके राहिली. काथ्या झाडाखाली टाकला तर यथावकाश कुजेल. रंगाची साल मात्र बहुधा अ‍ॅक्रिलिकसारख्या कृत्रिम बहुवारिकाची असते. तिला प्लॅस्टिक म्हणूनच वागवले पाहिजे. मूर्ती ‘कशाची’ यावर इतकी चर्चा होते, रंगावर त्या मानाने फार कमी होते, असे आम्हाला वाटते.

एकच साखर, दोन सांधे

आता झाडापासून मिळणाऱ्या पर्यायाकडे येऊ. त्यातला सर्वांत जुना व रुळलेला म्हणजे कागदाचा लगदा. रद्दी भिजवून, कुटून, त्यात व्हाइटिंगची पूड आणि डिंक किंवा खळ मिसळायची. म्हणजे सेल्युलोजचे तंतू आणि त्यांना जोडणारे दुसरे एखादे वनस्पतिजन्य बहुवारिक.

खळ म्हणजे स्टार्च. स्टार्च आणि सेल्युलोज दोन्ही ग्लुकोज या एकाच साखरेच्या साखळ्या. फरक फक्त सांध्याचा. स्टार्चमध्ये सगळे घटक एकाच बाजूला वळून जोडलेले असतात, त्यामुळे साखळी मळसूत्रासारखी वळते, सैल राहते, आत पाणी शिरू देते. सेल्युलोजमध्ये एक घटक सुलटा तर पुढचा उलटा, त्यामुळे साखळी सरळसोट होते आणि अशा साखळ्या शेजारी शेजारी चिकटून बसतात. पेणच्या खारेपाटात भाताच्या एकाच रोपावर दोन्ही तयार होतात. दाण्यातला स्टार्च आपण खातो, पेंढ्यातले सेल्युलोज आपल्याला पचत नाही. ते गुरांच्या पोटातल्या जंतूंना जमते.

आपल्याकडची आणखी एक उत्तम खळ म्हणजे चिंचोक्याची. धनगर घोंगडीला देतात ती. चिंचोक्यातला बहुशर्करा पदार्थ सेल्युलोजसारखाच सरळ कण्याचा, पण कण्याला इतर शर्करांच्या लहान फांद्या फुटलेल्या. कण्यामुळे तो कागदाच्या तंतूला छान बिलगतो, फांद्यांमुळे पाण्यात पसरतो. ज्यांनी घोंगडीसाठी तो निवडला त्यांनी रेणू पाहिला नव्हता, पण निवड अचूक होती.

हे सारे पदार्थ एकमेकांना धरतात ते हायड्रोजन बंधांनी. एका साखळीवरचा हायड्रोजन दुसऱ्या साखळीवरच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. एकेक बंध दुबळा, पण त्यांची संख्या प्रचंड. कोरड्या कागदाची ताकद यातूनच येते. आता पाण्याचा रेणू म्हणजे तरी काय? हायड्रोजन आणि ऑक्सिजनच. तो दोन साखळ्यांच्या मधे शिरतो आणि दोघींचे हात स्वतःच धरतो. साखळ्या सुटतात. रबरात गंधकाचे आडबंध होते, ते पाण्याने तुटत नाहीत. इथे पाणी हीच किल्ली आहे.

विसर्जनाच्या दृष्टीने हे उत्तमच. कागदाची मूर्ती पाण्यात लवकर विरते ती याच कारणाने. पण कारखान्याच्या दृष्टीने पाहा. ज्या बंधांनी लगदा घट्ट व्हायचा, ते पाणी निघून गेल्याशिवाय जुळतच नाहीत. प्लॅस्टर आधी घट्ट होते, मग वाळते. लगदा वाळतो तेव्हाच घट्ट होतो. आणि साच्याचे रबर पाणी शोषत नाही, तेव्हा पाण्याला जायला वाट एका बाजूनेच. वाळताना लगदा आकसतो, सगळीकडे सारखा आकसत नाही, म्हणून वाकतो.

हिशेबापुरते धरू, की प्लॅस्टरला साचा अर्धा तास अडकतो आणि लगद्याला एक दिवस. आठ तासांच्या दिवसात एका साच्यातून प्लॅस्टरच्या सोळा मूर्ती निघतील, लगद्याची एक. तेवढ्याच मूर्ती हव्या असतील तर सोळा साचे पाहिजेत आणि ते ठेवायला सोळापट जागा. पडवीत कारखाना असलेल्या घराने ती कुठून आणायची? बरे, कृत्रिम उष्णता देऊन वाळवायचे ठरवले तर एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २४०० किलोज्यूल लागतात. मूर्तीत तीन लिटर पाणी असेल तर काहीही वाया न जाता दोन युनिट वीज. हजार मूर्तींना दोन हजार युनिट. आणि हे सगळे कोकणात, जिथे जुलैत हवेतली सापेक्ष आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असते आणि वाळलेली मूर्तीही हवेतले पाणी पुन्हा ओढून घेते.

पर्यायी पदार्थांवरच्या चर्चेत ‘विघटनशील’, ‘स्वस्त’, ‘हलका’ अशा अटी असतात. ‘ओला असताना अर्ध्या तासात साच्यातून निघणारा’ ही अट आम्हाला क्वचितच दिसली. हमरापुरातल्या माणसाचे पोट मात्र त्या अटीवर अवलंबून आहे. ती वगळून केलेला पर्याय कारागिराने नाकारला, तर त्याला अडाणी किंवा पर्यावरणाचा शत्रू म्हणणे अन्यायाचे होईल.

झाडाचे म्हणजे निरुपद्रवी?

दुसरा मुद्दा पाण्याचा. वनस्पतिजन्य पदार्थ कुजतो, म्हणजे जंतू तो खातात आणि त्यासाठी पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. स्टार्चच्या १६२ ग्रॅमच्या पूर्ण विघटनाला १९२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. एक किलोला सुमारे १.२ किलो. पंचवीस अंशांच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे जेमतेम आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. भागाकार करा : एक किलो खळ सुमारे दीड लाख लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवू शकते.

प्रत्यक्षात हवेतून नवा ऑक्सिजन मिसळत राहतो, आणि सेल्युलोज फार सावकाश कुजते, म्हणून कागदाचा भार बऱ्याच काळावर पसरतो. वाहत्या खाडीत तो जाणवणारही नाही. पण गावच्या तळ्यात एका दिवशी शेकडो मूर्ती, वर निर्माल्य, असे झाले तर चार दिवसांनी मासे वर येऊन तडफडतात, त्याचे गणित हेच. शाडूच्या बाबतीत ऑक्सिजनचा नाही तर गाळाचा प्रश्न असतो, आणि ती मातीही कोकणातली नव्हे, गुजरातेतून येते. तेव्हा मूर्ती कशाचीही असली तरी वेगळ्या टाकीत विसर्जन आणि नंतर गाळ, तंतू, रंग वेगवेगळे करणे याला रसायनशास्त्राकडे तूर्त सोपी पळवाट नाही. कागदाचा लगदा टाकीतून काढला तर पुढल्या वर्षी पुन्हा कुटता येतो, हा मात्र त्याचा मोठा गुण.

ओल्यातच घट्ट होणारे बहुवारिक

मग झाडांच्या जगात ओला असतानाच घट्ट होणारा पदार्थ नाहीच का? आहे, आणि तो बहुतेकांनी तोंडात घेतलेला असतो. कवळी करताना दंतवैद्य एका लगद्यात दातांचा ठसा घेतो, तो दोन-चार मिनिटांत रबरासारखा होतो. तो अल्जिनेटचा असतो. सारगॅसमसारख्या तपकिरी समुद्रशैवालात हे बहुवारिक असते. काटेकोर वर्गीकरणात शैवाल झाडांत बसत नाहीत, पण तेही सूर्यप्रकाशावर दरवर्षी वाढणारे, म्हणून इथे चालवून घेऊ. अल्जिनेटच्या साखळीवर ऋण भार असतात. सोडियमचा आयन एकच धन भार घेऊन येतो, त्यामुळे सोडियम अल्जिनेट पाण्यात विरघळते. कॅल्शियमच्या आयनावर दोन धन भार. तो एका हाताने एक साखळी आणि दुसऱ्या हाताने दुसरी धरतो. झाला आडबंध, तोही पाण्यातच! दंतवैद्याच्या पुडीत हे कॅल्शियम कशातून येते माहीत आहे? कॅल्शियम सल्फेटमधून, म्हणजे आपल्या प्लॅस्टरच्याच भावंडातून.

शिवाय हा बंध उलटवता येतो. सोडियम सायट्रेटच्या द्रावणात टाकला तर सायट्रेट कॅल्शियम ओढून घेते आणि घट्ट झालेला गोळा पुन्हा पातळ होतो. दमट हवेने सुटणार नाही, पण टाकीतल्या द्रावणाने सुटेल, अशा बंधाच्या शोधात असलेल्याला हे वाचून हुरूप येईल. अडचण अशी, की या गोळ्यात वजनाने बहुतेक पाणीच असते आणि ते वाळले की गोळा सुकलेल्या आवळ्यासारखा आकसतो. म्हणून त्यात भर म्हणून खडूची पूड, भाताचे तूस, कागदाचे तंतू घालून आकसणे किती आवरता येते, हा पुढला प्रश्न. अल्जिनेटची किंमत हा त्याच्याही पुढला. तोवर आहे त्या मूर्तीत प्लॅस्टरचा थर पातळ करून काथ्याचे काम वाढवणे, मूर्तीची उंची आटोक्यात ठेवणे आणि सालीसारखा सोलून निघणारा रंग वापरणे, एवढे आजही करता येण्यासारखे आहे.

वर्गासाठी शेवटचा प्रयोग. चिंचोके भाजून, सोलून, दळून त्याची खळ शिजवा, कागदाचा लगदा मिसळून बोटभर रुंद पट्ट्या करा आणि कडकडीत वाळवा. तेवढ्याच आकाराच्या काही पट्ट्या प्लॅस्टरच्या. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तराजूवर सगळ्यांचे वजन करून त्या व्हरांड्यात दोऱ्याने टांगा आणि दररोज सकाळी वजन लिहा. शेजारी ओला व कोरडा असे दोन तापमापक लावून आर्द्रताही मोजा. आठवडाभराने दोन्ही प्रकारच्या पट्ट्या वाकवून पाहा, मग पाण्यात टाकून किती तासांत विरतात तेही पाहा. हा प्रयोग जुलैतच करायचा. डिसेंबरात केला तर लगद्याची पट्टीच चांगली, असा निकाल लागेल.